पातळ पत्र्याची बार्ज

मुनीर बुबेरे नकाशाची गुंडाळी बगलेत घेऊन केसरीनाथ मढवीच्या आवारात गेला, ते १९८८ सालच्या दिवाळीनंतर. काल्हेरच्या खाडीकाठी केसरीनाथ रेती वाहायच्या लोखंडी बार्जी बांधायचा. काही विकायचा, दोन स्वतः चालवायचा. अर्धवट बांधलेल्या एका बार्जेच्या सावलीत खुर्ची टाकून तो बसला होता. मुनीरला त्यानं बस म्हटलं नाही.

मुनीर भिवंडीचाच. घरी लूम होते, पण बापाच्या, यूनुसभाईंच्या, धंद्यात त्याचं मन कधी रमलं नाही. कोचीनला जाऊन तो जहाजबांधणी शिकला आणि मुंबईत एका खाजगी डिझाइन ऑफिसात लागला. जहाजाच्या सांगाड्यातलं वजन कमी करणं हे तिथं त्याचं काम. ताकद तेवढीच ठेवायची आणि लोखंड कमी लावायचं. कामात तो हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. पण ऑफिसात त्याच्या वाट्याला एखाद्या मोठ्या जहाजाचा एक तुकडा यायचा, कधी आतली नुसती एक भिंत. अख्खी बोट आपली असावी, लहान का असेना, असं त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

"तुमच्या बार्जेला तळाला, बाजूच्या कुशींना, डेकला सगळीकडे दहा मिलिमीटरचाच पत्रा असतो," तो केसरीनाथला म्हणाला. "भंगारात आलेल्या जुन्या बार्जी मी मोजून पाहिल्यात. तळाचा मधला पट्टा चिखलावर घासून निम्मा होतो. कुशी मात्र वीस वर्षांनीही जवळपास तशाच असतात. तळाला लोखंड हवंच. कुशीला आणि डेकला तुम्ही उगाच चढवता. तिथं सहा मिलिमीटर पुरेल. फक्त आतल्या फासळ्या आडव्या न लावता लांबीच्या दिशेनं लावायच्या, आणि जवळजवळ. चौथा हिस्सा लोखंड वाचेल. बार्ज हलकी झाली की तेवढ्याच पाण्यात जास्त रेती नेईल."

केसरीनाथनं नकाशा मागून घेतला. दोन्ही हातांनी उलगडून तो उन्हापुढे धरला.

"यातून पलीकडचा दिसतंय," तो म्हणाला. "तुझ्या बार्जेतूनबी दिसंल."

वेल्डिंग करणारी माणसं हसली. केसरीनाथ हसला नाही. "माझा बाप लाकडाचे मचवे बांधायचा. मी लोखंडाचे बांधतंय. या खारीन आमचा एकबी मचवा मोडला न्हाय. तू कदी पोवलास काय या खारीन?"

"नाही, या खाडीत कधी पोहलो नाही."

"मग मना कनाला शिकवतंस?"

त्यानं नकाशा सोडून दिला. ओल्या चिखलात तो पडला. मुनीरनं वाकून उचलला, तोवर केसरीनाथ दुसऱ्याशी बोलायला लागला होता.

संध्याकाळी घरी मामू येऊन बसले होते. मामू म्हणजे आईचे भाऊ गुलाम हुसेन, त्यांचं लोखंडाचं गोदाम. बार्जवाल्यांना नवा पत्रा विकायचे आणि मोडीत निघालेल्या बार्जी विकत घ्यायचे. मुनीरनं मोजमाप केलं ते त्यांच्याच गोदामात. तेव्हा त्यांनी कौतुकानं चहा पाजला होता.

"केसरीनाथ माझं गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "माझ्याच गोदामात बसून तू हिशेब मांडलास, आणि त्याला जाऊन सांगतोस कमी पत्रा घे. माझ्या पोटावर पाय द्यायला तुला माझीच जागा सापडली?"

"मामू, जे बरोबर आहे ते बरोबर आहे."

"बरोबर आहे ना? मग पत्राही दुसरीकडूनच आण."

तेव्हापासून मामूंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ईदलाही ते त्याच्या आईला भेटून परस्पर निघून गेले.

केसरीनाथच्या आवाराला लागून काटेरी तारेपलीकडे त्याच्या वहिनीचं, आनंदीबाईचं, आवार होतं. पूर्वी ते एकच होतं. थोरला भाऊ काविळीनं गेला तेव्हा केसरीनाथला वाटलं, विधवा बाई आपला हिस्सा निमूट आपल्या हवाली करेल. आनंदीबाईनं वकील केला आणि खाडीचा अर्धा काठ तोडून घेतला. त्यानंतर दीर-भावजयीत शब्द उरला तो फक्त शिव्यांचा. तिच्या वाट्याला आलेली बार्ज गंजून चाळण झाली होती. केसरीनाथनं काठावरच्या सगळ्या बांधणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, तिचं काम कोणी घ्यायचं नाही.

मुनीरची फजिती तिनं तारेपलीकडून पाहिली होती. पुढच्या रविवारी तिनं त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीची, उंच, काटक बाई. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खाडीकडे बघायची.

"मना तुझ्या कागदातला काय कलत न्हाय," ती म्हणाली. "एवढा सांग. तुझी बार्ज त्याच्या बार्जेपेक्षा जास्त रेती नेल?"

"नेईल. पण मी ठरवून देईन तेवढीच. आणि ती सगळीकडे सारखी पसरून भरायची. मध्ये ढीग करायचा नाही."

"आनि लोखंड त्याच्यापेक्षा कमी?"

"कमी."

"मग बांध."

नकाशा बघायचीसुद्धा तिनं तसदी घेतली नाही. आपलं काम तिला पटलेलं नाही, दिरावर भिरकवायला तिला फक्त एक दगड हवाय, हे मुनीरला कळत होतं. तरी तो हो म्हणाला, कारण दुसरं कोणी विचारत नव्हतं.

रात्री जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं. माजिदा शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची. "त्या दोघांच्या भांडणात तू मध्ये उभा राहतोयस," ती म्हणाली.

"मी बार्ज बांधतोय."

"हो, पण ती बाई बार्ज बांधत नाहीये."

पत्रा मुंबईहून, दारूखान्याच्या लोखंडबाजारातून आला. काम सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून भांडणं सुरू झाली. आनंदीबाईनं पंढरी नावाचा जुना वेल्डर आणला होता. तो आयुष्यभर केसरीनाथकडे राबलेला, तिथं खटका उडाला म्हणून इकडे आलेला. जाड पत्र्यावर त्याचा हात बसलेला होता. पातळ पत्रा आच जास्त झाली की वाकडा व्हायचा. शिवाय फासळ्या दुप्पट, म्हणजे वेल्डिंगही दुप्पट.

"लोखंड वाचवलास तू, आनि घाम आमचा काढतंस," पंढरी म्हणायचा.

मुनीरही गोड बोलणारा नव्हता. बिनपगारी लांब रजा काढून तो दिवस दिवस तिथं उभा राहायचा आणि प्रत्येक जोडावर हातोडी मारून बघायचा. एकदा एका कुशीचा अख्खा तुकडा त्यानं सगळ्यांदेखत कापून काढायला लावला. फासळ्यांचे जोड आतून पोकळ होते.

"तुला दिसतंय तरी का?" तो पंढरीला म्हणाला. "का नुसता हात फिरवतोस?"

पंढरीनं हातातला मुखवटा जमिनीवर आपटला आणि तो दोन दिवस आला नाही. आनंदीबाईनं माणूस पाठवून त्याला आणवलं. मुनीरला मात्र ती एवढंच म्हणाली, "माझी मानसं पलवू नको. तुझा तोंड आवर."

तारेपलीकडून केसरीनाथ सगळं बघत होता. बार्जेचं नाव काठावर 'पापड' पडलं. रेतीच्या ट्रकचे ड्रायव्हर जाता-येता विचारायचे, पापड वाळला का. मुनीरच्या स्कूटरचे टायर दोनदा कापले गेले. चौऱ्यांशीच्या दंगलीनंतर भिवंडीतली मुसलमान माणसं या काठावर फारशी फिरकत नव्हती. मुनीर रोज येतो हेच काहींना खुपत होतं. इकडे मोहल्ल्यातही विचारणारे होतेच, की तुला काम करायला तेच गाव सापडलं का. मुनीरच्या डोक्यात फक्त वाचवायचे किलो असायचे. एखादी पट्टी बारीक करता आली की तो घरी येऊन माजिदाला सांगायचा आणि ती ऐकून घ्यायची.

नव्वदच्या जानेवारीत बार्ज पाण्यात उतरली. मोठी भरती होती आणि काठावर अख्खा गाव जमला होता. कोणी नारळ फोडला म्हणून नव्हे, बुडताना बघायला मिळेल म्हणून. बार्ज घसरत गेली, पाण्याला लागली, एकदा कलली आणि सरळ झाली. पाण्यावर ती इतकी वर तरंगली की लोक वाकून तिचा तळ बघायला लागले. केसरीनाथ हाताची घडी घालून शेवटपर्यंत उभा होता. मग पाठ फिरवून गेला.

मुनीरनं दोन्ही कुशींवर ठळक वेल्डिंग करून एक खूण काढली होती, वर पांढरा रंग. पाणी या खुणेला लागलं की भरणं थांबवायचं. बार्ज चालवायला, तांडेल म्हणून, आनंदीबाईनं लडकूला ठेवलं होतं. लडकू तिच्या माहेरचा, शांत गडी. मुनीरनं त्याला खूण दाखवली आणि रेती कशी पसरायची तेही सांगितलं. लडकूनं मान हलवली.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. ओहोटी लागल्यावर केसरीनाथच्या जड बार्जी चिखलात अडकून भरतीची वाट बघत बसायच्या. ही बार्ज उथळ पाण्यातूनही निघून यायची. खुणेपर्यंत भरूनही ती त्यांच्यापेक्षा जास्त रेती आणायची. ट्रक आधी आनंदीबाईच्या आवारात लागायला लागले. केसरीनाथनं चिडून आपल्या बार्जी डेकला पाणी लागेपर्यंत भरायला सुरुवात केली. त्या जड होत्या, पण जुन्या पद्धतीच्या आणि खरोखरच दणकट होत्या. त्या टिकल्या.

आणि हे बघून आनंदीबाईनंही तेच केलं.

मुनीर तेव्हा पुन्हा मुंबईच्या नोकरीवर रोज जात होता. एका शनिवारी दुपारी ठाण्याहून परतताना कशेळीच्या पुलावर त्यानं स्कूटर थांबवली. खाली आपली बार्ज चालली होती. आधी त्याला ओळखूच आली नाही. पांढरी खूण कुठे दिसत नव्हती, ती पाण्याखाली गेली होती. मध्यभागी रेतीचा डोंगर केला होता. बार्जेची दोन्ही टोकं वर आणि पोट खाली गेल्यासारखं दिसत होतं. त्यानं डोळे चोळले. तो भास नव्हता.

तो तसाच काल्हेरला गेला. बार्ज काठाला लागली, रिकामी झाली, आणि तो डेकवर चढला. रेतीच्या हौदाच्या कोपऱ्याशी पत्र्याला सुरकुती पडली होती. वीतभर रुंद, आडवी. त्यानं त्यावर तळहात ठेवला. मग आनंदीबाईला वर बोलावलं. ती चढली, बघितलं आणि म्हणाली, "मंग?"

"मध्ये ढीग केला की बार्ज मध्येच वाकते. वरचा पत्रा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. दाबला की असा चुरगळतो. रिकामी झाली की पुन्हा ताणला जातो. असं रोज होत राहिलं तर एक दिवस इथूनच दोन तुकडे होतील. भर खाडीत, भरलेली असताना."

"त्याच्या बार्जी भरतात. त्या मोडत न्हायत."

"त्यांच्या डेकला जाड लोखंड आहे. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, मी ठरवीन तेवढंच."

"तू वजन वाचवलास ते कनाला?" ती पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "मी भरायलाच ना? तेवढा लोखंड कमी, तेवढी रेती जास्त. हे तूच बोललास."

"ती जास्तीची रेती मी खुणेत धरलीय. तुम्ही त्याच्याही वर भरताय. वाचवलेलं वजन एकदाच खर्चता येतं, आनंदीबाई."

"बार्ज माझी हाय. पंढरी, हा पत्रा ठोकून सपाट कर आनि वर पट्टी मार."

लडकू बाजूला दोर गुंडाळत होता. मुनीर त्याच्याकडे वळला. "लडकू, तुला सांगितलं होतं मी."

"बाय सांगतं तसा भरतंय," लडकू म्हणाला. "मी कोन?"

पंढरीनं सुरकुती ठोकली, वर पट्टी जोडली आणि दुसऱ्या दिवशी बार्ज पुन्हा गेली, तशीच भरून. मुनीरनं आठवडाभर सगळं करून पाहिलं. आनंदीबाईच्या भावाला भेटला. त्यानं हात जोडले. बंदर खात्याकडे तक्रार करायचा विचार केला, पण तपासणीला माणूस येईपर्यंत किती दिवस जातील याचा भरवसा नव्हता. शेवटी तो लडकूच्या घरी गेला. लडकू कामावर होता. दारात त्याची बायको ठमाबाई जाळं विणत बसली होती. मुनीरनं तिला सगळं सांगितलं, की नवऱ्याला त्या बार्जेवर जाऊ देऊ नका.

ठमाबाईनं हातातली सुई खाली ठेवली. "तूच बांधलीस ना ती?"

"हो."

"मंग तुझ्या घरचा कोन हाय तिच्यावर?"

मुनीर स्कूटरकडे वळला.

बार्जवाल्यांची सभा दर अमावस्येच्या सकाळी देवळापुढच्या मांडवात भरायची. कोणी कुठली जागा उपसायची ते तिथं ठरायचं. आनंदीबाई बाई म्हणून तिथं येत नसे, तिच्या वतीनं लडकू बसायचा. मुनीर त्या सभेत गेला. केसरीनाथ पुढे बसला होता.

"मला एक सांगायचंय," मुनीर म्हणाला. "मी बांधलेल्या बार्जेवर कोणी जाऊ नका. ती मोडेल."

केसरीनाथ सावकाश वळला. त्याच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता आणि तो त्यानं लपवला नाही.

"काय बोललास? मांगच्या लोकांना ऐकू आला न्हाय."

"ती मोडेल."

"पातल पत्रा हाय म्हनून?"

"नाही. खुणेच्या वर भरतात म्हणून. मध्ये ढीग करतात म्हणून. नीट भरली तर ती तुमच्या बार्जेइतकीच..."

"ता पुरान नको. मोडंल का न्हाय, तेवढा बोल."

मुनीरनं लडकूकडे बघितलं. लडकू खाली मान घालून बसला होता. नीट भरली तर काहीच होणार नाही, हे मुनीरला सगळ्यांना समजावून सांगायचं होतं, आकड्यांनिशी. त्याच्या कामातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. पण मांडवातली माणसं एकाच शब्दाची वाट बघत होती, आणि लडकूला खाली उतरवायलाही तोच शब्द लागणार होता.

"मोडेल," तो म्हणाला.

मांडव हसला. कोणी तरी म्हणालं, पापड मोडणारच. केसरीनाथनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "इंजिनेर साहेबांना चहा द्या. आज पयल्यांदा शानपनाचा बोलला." मुनीर चहा न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी लडकू आणि त्याचे खलाशी कामावर गेले नाहीत. ठमाबाईनं जाऊ दिलं नव्हतं. दुपारी आनंदीबाई रिक्षा करून भिवंडीला आली आणि सरळ मुनीरच्या घरात शिरली. माजिदानं पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही.

"माझ्या दिराच्या पायाशी नेऊन घातलास मना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नवरा मेला तवा त्यानं मना घराबाहेर काढायला बघितला, तवा मी हरले न्हाय. चार वर्सं कोर्टान उभी राहिले, तवा हरले न्हाय. तू मना एका शब्दान हरवलास."

"माणसं मेली असती."

"मरनार असती तं माझी मेली असती. तुझी न्हाय." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "परवा बार्ज जानार. दुसरी मानसं आनलीत मी. त्यांना तुझा तोंड म्हाईत न्हाय."

ती माणसं पडघ्याकडची होती, खडीच्या खाणीवरची. खाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पोहता येतं का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बार्ज जायच्या दिवशी मुनीरनं ऑफिसला दांडी मारली. सकाळी तो काल्हेरला पोचला तेव्हा ओहोटी होती आणि रिकामी बार्ज आवाराच्या काठाला चिखलावर बसली होती. दुपारच्या भरतीला ती निघणार होती. नवी माणसं झाडाखाली भाकरी खात होती. पंढरी दुसऱ्या कामात होता. त्याचा गॅसकटर नळ्यांसकट बार्जेजवळच पडलेला होता.

मुनीरनं आधी त्या माणसांशी बोलून पाहिलं. त्यांचा मुकादम म्हणाला, बाईनं आगाऊ दिलंय, आम्ही जाणार. मग मुनीर चिखलात उतरला. चिखल मांडीपर्यंत आला. नळी ओढून घेत तो कुशीशी पोचला, कुशीमागच्या पोकळ टाकीचं झाकण उघडं आहे, आत वायू कोंडणार नाही, याची खात्री केली आणि कटर पेटवला.

सहा मिलिमीटरचा पत्रा कापायला वेळ लागत नाही. तळाच्या जरा वर, दोन फासळ्यांच्या मधोमध, तो कापत गेला. फासळीला त्यानं हात लावला नाही. दाराएवढा चौकोन सुटून चिखलात पडला तेव्हा कुठे काठावरच्या लोकांच्या ध्यानात आलं.

सगळ्यात आधी पंढरी धावला. त्यानं मुनीरच्या हातातून कटर हिसकून विझवला आणि त्याच हातानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग आणखी माणसं आली. तारेपलीकडच्या केसरीनाथच्या आवारातूनही दोघं उड्या मारून आली. बाईवरचं प्रेम म्हणून नव्हे, मारायला मिळतंय म्हणून. मुनीरला चिखलातून ओढून काठावर आणेपर्यंत त्याचा एक दात गेला होता आणि डावं मनगट मोडलं होतं. आनंदीबाई आली आणि एवढंच म्हणाली, "बास. पोलिसांना बोलवा."

चौकीत मुनीरनं काहीही नाकारलं नाही. बार्ज कोणाची, बाईची. कापली कोणी, मी. का कापली, हे लिहून घेणाऱ्याला नीट समजलं नाही. यूनुसभाई जामिनाला आले. सोबत मामूही आले होते. ते त्याच्याशी बोलले मात्र नाहीत. महिन्याभरानं दोन्ही वकिलांनी बसून तोडगा काढला. मुनीरनं बार्ज स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची, आनंदीबाईनं तक्रार मागे घ्यायची. मुनीरनं एक अट घातली. कुशीबरोबर डेकचा तो पट्टी मारलेला तुकडाही आपण बदलणार.

दुरुस्ती पावसाळ्याआधी झाली. मनगट अजून प्लास्टरमध्ये होतं, त्यामुळे मुनीर नुसता उभा राहून सांगत होता. पंढरी काम करत होता. त्यानं डेकवरची पट्टी कापून काढली. खालचा पत्रा सुटा करून उलटा केला. मग त्यानंच आनंदीबाईला हाक मारली.

पत्र्याच्या खालच्या अंगाला, हौदाच्या कोपऱ्यापासून निघालेली चीर होती. कोपरापासून मनगटापर्यंत लांब. पट्टीखाली झाकली गेल्यामुळे वरून दिसतच नव्हती. पंढरीनं छिन्नी घातली आणि ती आरपार गेली.

आनंदीबाईनं वाकून बघितलं. "हे तू मना दाखवला असतास," ती म्हणाली.

"दाखवलं होतं."

"सुरकुती दाखवलीस. चीर न्हाय."

"चीर तेव्हा नव्हती. पुढे पडली."

तिनं मान हलवली. पण ते पटलं म्हणून हलवली की नुसतंच ऐकलं म्हणून, ते त्याला कळलं नाही. आभार तिनं मानले नाहीत. माफी मागायचा प्रश्नच नव्हता. जाताना पंढरीला म्हणाली, "कुशीवरची खून पुन्हा रंगव. लाल. दुरून दिसंल अशी." मग मुनीरकडे वळली. "काम झाला की जा. पुन्हा या आवारान पाय टाकू नको. टाकलास तं मी स्वतः मारीन."

लडकू बार्जेवर परत आला. बार्ज त्यानंतर खुणेपर्यंतच भरली जायची. आनंदीबाईचा धंदा चालला, पण दिरावर मात करायची तिची हौस मात्र पुरी झाली नाही. काठावर कोणी भांडलं की तिला ऐकवायचं, तुझाच इंजिनेर बोलला मोडंल म्हणून. मुनीरला तर त्या खाडीवर कोणीच काम दिलं नाही. एकाला तो पातळ पत्रेवाला वाटायचा, दुसऱ्याला मालकाची बार्ज कापणारा. ऑफिसात मात्र त्याला बढती मिळाली आणि तो पुन्हा मोठ्या जहाजांच्या तुकड्यांत बुडाला. दात त्यानं बसवून घेतला. मनगट पावसात दुखायचं.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका कामानं तो काल्हेरच्या गोदामांकडे गेला होता. परतताना रस्त्यावरून त्याला केसरीनाथच्या आवारात नवी बार्ज दिसली. अर्धा सांगाडा उभा होता. मुनीर थांबला. फासळ्या लांबीच्या दिशेनं लावलेल्या होत्या, जवळजवळ. कुशीचा पत्रा पातळ होता, तळाचा मधला पट्टा जाड. वेल्डिंग पंढरी करत होता. तो पुन्हा जुन्या मालकाकडे आला होता आणि मुनीरची सगळी पद्धत हातात घेऊन आला होता.

मुनीरला राग यायला हवा होता. आलाही. पण राग येत असतानाच त्याची नजर फासळ्यांच्या टोकांवर गेली. बार्जेच्या पोटातल्या मधल्या आडभिंतीशी फासळ्या नुसत्या कापून सोडल्या होत्या. भिंतीपलीकडच्या फासळीशी त्यांना जोडणाऱ्या त्रिकोणी पट्ट्या नव्हत्याच. त्या तशाच राहिल्या तर सगळा ताण भिंतीच्या पत्र्यावर जाणार होता.

तो फाटकातून आत गेला. केसरीनाथ खुर्चीत होता, थोडा म्हातारा झालेला. त्याला बघून त्यानं डोळे बारीक केले.

"तुला इथं कोनी बोलावला?"

"कोणी नाही. त्या फासळ्या भिंतीशी जोडलेल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या लावा. नाही लावल्या तर भिंत फाटेल."

"माझी बार्ज हाय. माझ्या बापाचा धंदा हाय."

"आणि फासळ्या माझ्या आहेत," मुनीर म्हणाला.

केसरीनाथ उठून उभा राहिला. आवारातलं काम थांबलं. पंढरीनं मुखवटा वर केला आणि दोघांकडे बघत राहिला. मारामारी होणार असं सगळ्यांना वाटलं. मुनीरलाही वाटलं. त्यानं डावा हात नकळत मागे घेतला.

"किती जाडीच्या?" केसरीनाथनं विचारलं.

"आठ मिलिमीटर. प्रत्येक फासळीला. एकही सोडायची नाही."

"ऐकलास?" केसरीनाथ पंढरीवर खेकसला. पंढरीनं मुखवटा खाली ओढला. मग केसरीनाथ पुन्हा मुनीरकडे वळला. "आता चालता हो. आनि भायेर कोनाला बोललास, तं दुसरा हातबी मोडंन."

मुनीर फाटकाबाहेर आला. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, स्कूटर बाहेर काढायला वाट नव्हती. तो तिथंच उन्हात उभा राहिला. आत पंढरी आठ मिलिमीटरचा पत्रा शोधायला आवारातल्या गोदामाकडे चालला होता.